डीप फ्रीझरमधल्या कुप्या आणि सातवी अट

आमच्या विभागाच्या संशोधन प्रकल्पाला निधी मंजूर झाल्याचे पत्र आले, तेव्हा त्यातल्या सातव्या अटीकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. डाळिंबावरील तेल्या रोगाचा जीवाणू पानात शिरल्यावर नेमका कोठे आणि कसा वाढतो हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसावे, म्हणून त्याच्यात हिरव्या रंगाने चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक घालायचा, असे आमचे साधे नियोजन होते. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मान्यता घेऊन ती कळवावी, असे सातवी अट सांगत होती. एक ठराव, दोन सह्या आणि महाविद्यालयाचा शिक्का एवढ्यात हे उरकेल, असे मला वाटले. त्या अटीपायी आमच्या प्रयोगशाळेचे चौदा महिने गेले. ते वाया गेले असे मला एकदाही वाटलेले नाही, आणि अशाच अटीपाशी येऊन थांबलेल्या इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात एकोणीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझे माहेर सांगोल्याकडचे. तेल्याने फळावर तेलकट डाग पडतात, मग डागांतून फळ तडकते आणि हाताशी आलेला बहार डोळ्यांदेखत जातो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी भावाच्या बागेत पाहिले आहे. त्याने शेवटी ती बाग उपटून टाकली. त्यामुळे हा जीवाणू माझ्यासाठी कधीच केवळ अभ्यासाचा विषय नव्हता. तरीही तो आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर जाऊ शकतो, हा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

पहिले काम नियम वाचण्याचे होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधाराने ५ डिसेंबर १९८९ रोजी जे नियम अधिसूचित झाले, तेच आजही या क्षेत्राचा कणा आहेत. घातक सूक्ष्मजीव, तसेच जनुकीय अभियांत्रिकीने बदललेले सजीव किंवा पेशी यांचे उत्पादन, वापर, आयात, निर्यात आणि साठवण असे त्यांचे लांबलचक नाव आहे. आम्हा शिक्षकांमध्ये हे ‘जीएमचे नियम’ म्हणूनच ओळखले जातात, आणि बीटी कापूस किंवा बीटी वांगे यांच्याशी ज्याचा संबंध नाही त्याने ते वाचायचे कारण नाही, असा समज आहे. पण शीर्षकात पहिला उल्लेख घातक सूक्ष्मजीवांचा आहे, बदललेल्या सजीवांचा नंतर. ‘साठवण’ हा शब्दही त्यातच आहे. जनुकांना हातही न लावता रोगजंतू नुसता फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्या माझ्यासारखीने हे नियम फार पूर्वी वाचायला हवे होते.

या नियमांनी सहा यंत्रणा नेमल्या आहेत. देशपातळीवर सल्लागार समिती, जैवतंत्रज्ञान विभागाकडील आरसीजीएम, म्हणजे जनुकीय फेरफारांचा आढावा घेणारी समिती, आणि पर्यावरण मंत्रालयाकडील जीईएसी, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समन्वय समिती. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती. आणि सर्वांत खाली, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती. ही शेवटची समिती नसेल तर वरच्या पाचही यंत्रणांना आमच्या खोलीत काय चालले आहे हे कळण्याचा मार्गच नाही, हे मला त्या रचनेकडे नीट पाहिल्यावर उमगले.

समितीची नोंदणी जैवतंत्रज्ञान विभागाच्या संकेतस्थळावर करावी लागते. अध्यक्ष संस्थेचे प्रमुख, म्हणजे प्राचार्य. सोबत विभागातले शास्त्रज्ञ सदस्य, बाहेरचा एक तज्ज्ञ, वैद्यकीय पदवी असलेला जैवसुरक्षा अधिकारी आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला प्रतिनिधी. समितीची मुदत तीन वर्षांची आणि वर्षातून किमान दोन बैठका बंधनकारक. कागदावर हे सोपे दिसते, पण वैद्यकीय अधिकारी मिळवण्यातच आमचे तीन महिने गेले. ज्यांना विचारले त्यांपैकी बहुतेकांनी, ‘मॅडम, झाडाच्या रोगाला डॉक्टर कशाला?’ असेच विचारले. अखेर शहरातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी होकार दिला. ते पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांनी जीवाणूबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘रविवारी संध्याकाळी एखाद्या मुलीच्या बोटात सुई गेली, तर ती फोन कोणाला करणार आणि तो माणूस फोन उचलणार का?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या आपत्कालीन आराखड्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

प्राचार्य सरांनी मात्र पहिल्याच चर्चेत एक मूलभूत शंका काढली. सरकारी कागदांत ‘बायोसेफ्टी’ आणि ‘बायोसिक्युरिटी’ असे दोन वेगळे इंग्रजी शब्द येतात आणि मराठीत आपण दोन्हींना जैवसुरक्षाच म्हणतो, मग आपण नक्की कशाची समिती करत आहोत? मी त्यांना असे सांगितले की, पहिल्यात जंतूंपासून माणसाला, प्राण्यांना आणि पिकाला जपायचे असते. दुसऱ्यात जंतू चुकीच्या माणसाच्या हाती पडू नये म्हणून त्यालाच कडीकुलपात जपायचे असते. समिती पहिल्यासाठी आहे, पण कपाटाची किल्ली दोन्हींसाठी एकच आहे. सरांनी लगेच विचारले, ‘मग सध्या किल्ली कोणाकडे असते?’ ती फ्रीझरच्याच दाराला लटकलेली असे.

पाहणीला आम्ही खोलीपासून सुरुवात केली. जी काचेची पेटी आम्ही पंधरा वर्षे ‘सुरक्षित कपाट’ समजून वापरत होतो, ती आडव्या प्रवाहाची लॅमिनार होती. तिची गाळणी हवा स्वच्छ करते हे खरे, पण ती हवा मागच्या भिंतीकडून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. जंतू वाढवायचे माध्यम दूषित होऊ नये यासाठी तिची रचना आहे, माणसासाठी नव्हे. हे विद्यार्थ्यांना मी फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते, तरी स्वतः तिच्यासमोर बसून रोगजंतूंच्या बशा उघडत होते. आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, सरस्वतीच्या तसबिरीपुढे रोज सकाळी उदबत्ती लावतात. त्यांच्याकडची एक जळती उदबत्ती मी पेटीच्या आत, काम करायच्या जागी धरली. धूर सरळ रेषेत येऊन माझ्या नाकाडोळ्यांत गेला. मागे उभ्या असलेल्या एमएस्सीच्या मुलींना त्यानंतर वेगळे काही समजवावे लागले नाही. प्रकल्पाच्या निधीतून आम्ही दुसऱ्या वर्गाचे जैवसुरक्षा कपाट घेतले. त्यात हवा समोरच्या फटीतून आत ओढली जाते आणि गाळणीतूनच बाहेर पडते. ते बसवल्यावर तीच उदबत्ती फटीपाशी धरली, तेव्हा धूर आत वळला.

आता फ्रीझर. ही गोष्ट मला सविस्तर सांगायला हवी, कारण समितीच्या कामाचे खरे मर्म मला तेथे कळले. साठवणीची यादी जोडा, असे अर्जात म्हटले होते. आमच्या जुन्या फ्रीझरमध्ये बर्फाचा इतका थर जमला होता की खालचे खोके निघेनात. एका शनिवारी तो बंद करून, बर्फाच्या पेट्या शेजारी मांडून आम्ही एकेक खोके बाहेर काढले. अकरा खोकी निघाली. त्यांतल्या अनेक कुप्यांवरचे मार्करचे अक्षर स्पिरिटच्या हातांनी पुसून गेले होते, काहींवरच्या चिकटपट्ट्या गळून खोक्याच्या तळाशी पडल्या होत्या, आणि ज्यांवर काही वाचता येत होते तेथेही केवळ आद्याक्षरे होती. एका कुपीवर ‘एस टी ४’ असे लिहिले होते. मातीतून वेगळा केलेला स्ट्रेप्टोमायसिसचा चौथा नमुना, कोणा विद्यार्थिनीच्या नावाची अक्षरे, की एका जुन्या प्रबंधासाठी रुग्णालयातून आणलेला टायफॉइडचा जंतू, म्हणजे साल्मोनेला टायफी? तिन्ही शक्य होते. दुसऱ्या खोक्यावर ‘पं आषाढी’ एवढेच होते. पंढरपूरला वारीच्या काळात पाण्याचे नमुने तपासण्याचा उपक्रम पूर्वी विभागाने केला होता हे मला माहीत होते. पण त्या पाण्यातून काय वेगळे करून ठेवले गेले आणि त्यात पटकीचा जंतू होता का, हे सांगणारे कोणीच उरले नव्हते.

त्या रात्री मी आंतरराष्ट्रीय करार वाचायला बसले. तोवर ते माझ्यासाठी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातले मुद्दे होते. १० एप्रिल १९७२ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि २६ मार्च १९७५ पासून अमलात आलेला जैविक शस्त्रास्त्र करार भारताने १९७४ मध्येच मान्य केला आहे. या करारात जंतूंची यादी नाही. रोगप्रतिबंधक, संरक्षक किंवा अन्य शांततामय हेतूचे समर्थन नसलेले जैविक घटक आणि विषे, कोणत्याही प्रकारची आणि कोणत्याही प्रमाणात, बाळगू नयेत असे तो म्हणतो. म्हणजे सगळा भर हेतूवर आहे. कराराच्या चौथ्या कलमाने प्रत्येक देशावर आपल्या हद्दीत त्यासाठी उपाय करण्याचे बंधन घातले; २८ एप्रिल २००४ च्या सुरक्षा परिषदेच्या १५४० क्रमांकाच्या ठरावाने बिगरसरकारी गटांच्या हाती अशी सामग्री पडू नये यासाठी कायदे आणि साठ्यावर नियंत्रण ठेवणे देशांना बंधनकारक केले; आणि भारताने २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा केला, ज्यात जैविक शस्त्र बेकायदा बाळगण्याला किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आमच्या कुप्या शस्त्र नव्हत्या, हे उघडच आहे. पण नावच नसलेल्या कुपीचा शांततामय हेतू मी कोणाला आणि कशाच्या आधारे सांगणार होते?

निर्यातीवर देखरेख ठेवणाऱ्या देशांचा ऑस्ट्रेलिया ग्रुप नावाचा एक गट आहे. भारत त्याचा सदस्य जानेवारी २०१८ मध्ये झाला. आपल्याकडे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची परकीय व्यापार महासंचालनालयाची जी स्कोमेट यादी आहे, तिचा दुसरा वर्ग सूक्ष्मजीव आणि विषांचा आहे. ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या यादीत साल्मोनेला टायफी आहे आणि पटकीचा जंतूही आहे. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या फ्रीझरमधली ‘एस टी ४’ ही कुपी जगभर पाळल्या जाणाऱ्या यादीतली असू शकते आणि आम्हाला ते ठाऊक नाही, या जाणिवेने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

ज्या कुप्यांची ओळख जुन्या वह्या आणि प्रबंधांवरून पटली, त्या आम्ही ठेवल्या. रुग्णांकडून आलेल्या आणि आता कोणत्याही चालू कामाला न लागणाऱ्या कुप्या, तसेच अनोळखी सर्व कुप्या नष्ट करायचे ठरवले. काही सहकाऱ्यांना याचे वाईट वाटले. वीस वर्षांचे नमुने आहेत, कधीतरी उपयोगी पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. कोठून, कधी आणि कोणी आणला याची नोंद नसलेला नमुना शास्त्राच्याही उपयोगाचा नसतो. राखायचेच असतील असे जीवाणू पुणे आणि चंडीगड येथील राष्ट्रीय संग्रहांकडे सुपूर्द करण्याची सोय आहे, आणि आमच्याकडचे तीन चांगले नमुने आम्ही तसे द्यायचे ठरवले.

नष्ट करायचे म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालायचे, आणि तेथे आमची दुसरी चूक उघडी पडली. माध्यमे निर्जंतुक करण्यासाठी १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे पुरतात; तीच पंधरा मिनिटे आम्ही कचऱ्याच्या गच्च भरलेल्या पिशव्यांनाही देत होतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत साध्या ऑटोक्लेव्हसाठी त्याच तापमानाला साठ मिनिटे सांगितली आहेत आणि अत्यंत चिवट बीजाणूंच्या साह्याने यंत्राची आठवड्याला चाचणी करायला सांगितले आहे. आम्ही पहिली चाचणी जुन्या पद्धतीनेच घेऊन पाहिली. पिशवीच्या मधोमध ठेवलेली बीजाणूंची नळी उबवणीपेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातले जांभळे माध्यम पिवळे पडले होते. बीजाणू जिवंत होते. पिशवीवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीवर मात्र काळ्या रेषा अगदी ठळक उमटल्या होत्या, आणि इतकी वर्षे आम्ही त्या रेषांवरच विसंबून होतो. मामांनी ती पिवळी नळी बराच वेळ हातात धरून पाहिली. सोलापूरच्या जड पाण्याने यंत्राच्या कॉइलवर क्षारांचा जाड थर बसून तापायला वेळ लागतो, हे त्यांनीच लक्षात आणून दिले. आता कॉइल दर महिन्याला साफ होते आणि यंत्रात शुद्ध केलेलेच पाणी जाते. पुढच्या चाचणीत, पिशव्या अर्ध्याच भरून साठ मिनिटे दिल्यावर, नळी जांभळी राहिली. त्यानंतरच आम्ही कुप्यांना हात घातला.

समितीची पहिली बैठक त्यानंतर झाली. जैवतंत्रज्ञान विभागाचे प्रतिनिधी पुण्याहून सकाळच्या गाडीने आले. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रयोगांचे धोक्याप्रमाणे वर्ग पडतात. सौम्य प्रयोगांची समितीला माहिती दिली की पुरते, तर वरच्या वर्गासाठी आरसीजीएमची पूर्वपरवानगी लागते. आमचा प्रयोग मधल्या वर्गात बसेल, असे समितीचे मत पडले. मला वाटले, संपले. तेवढ्यात प्रतिनिधींनी विचारले, ‘जीवाणू टोचलेल्या रोपांची गळलेली पाने कोण झाडते आणि ती कोठे जातात?’

आमची रोपे जिन्याखालच्या उजेडाच्या जागेत कुंड्यांत होती. पाने सफाई करणाऱ्या मावशी झाडत आणि आवारातल्या खतखड्ड्यात टाकत. खतखड्ड्याचे खत माळी काकांना हवे असे आणि, हे चौकशीत कळले, त्यातले काही एका कर्मचाऱ्याच्या शेतावरही जाई. तेल्या पावसाच्या थेंबांनी, वाऱ्याने, छाटणीच्या कात्रीने आणि रोगट कलमांनी पसरतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ज्या रोगाशी झुंजते आहे, जिल्ह्यातले शेतकरी ज्याच्या भीतीने कोणता बहार धरायचा हे ठरवतात, तो रोग मी माझ्या हाताने कुंडीत वाढवत होते आणि पाने कोठे जातात हे मला माहीत नव्हते. मी ते बैठकीत तसेच कबूल केले आणि ते इतिवृत्तात नोंदवले गेले. मान्यता रोखून ठेवण्यात आली. बंद जाळीघर, दोन दारे, आत वेगळ्या चपला, पाने आणि माती दोन्ही ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर, एवढे करायला आम्हाला आणखी चार महिने लागले. तोवरची पाने साध्या, न बदललेल्या जीवाणूंची होती, आणि तो जीवाणू जिल्ह्यात आधीपासूनच आहे, ही सवलत मला कोणी दिली नाही आणि मीही घेतली नाही.

याच काळात परदेशातल्या एका विद्यापीठाने आमचे नमुने मागितले, तेव्हा एका कुपीला किती कायदे लागू होतात ते समजले. बदललेला सजीव देशाच्या सीमेपलीकडे जाणार म्हणजे कार्टाजेना करार आला. २९ जानेवारी २००० रोजी मॉन्ट्रियलमध्ये स्वीकारला गेलेला हा करार ११ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे आणि भारत त्याचा पक्ष आहे. जीवाणू भारतातला, म्हणून २००२ चा जैवविविधता कायदा आणि परदेशी संस्थेने चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून आधी घ्यायची परवानगी आली. वनस्पतींचा रोगजंतू, म्हणून निर्यातीची यादी तपासणे आले. लिंबूवर्गीय झाडांवरील खैऱ्याचा जीवाणू ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या यादीत आहे आणि आमचा जीवाणू त्याच झँथोमोनास गटातला, शिवाय शास्त्रज्ञांनी मधल्या काळात त्याचे नावही बदललेले, त्यामुळे नुसते पहिले नाव पाहून चालत नाही, उपप्रकारापर्यंत वाचावे लागते. शेवटी वाहतूक: तिहेरी वेष्टन, आणि बदललेल्या सूक्ष्मजीवांसाठी ठरलेला यूएन ३२४५ हा क्रमांक. हे कायदे वेगवेगळ्या मंत्रालयांकडे आहेत आणि ते एका जागी वाचायला मिळत नाहीत, ही मला या सर्व प्रक्रियेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाने हे स्वतःहून शोधावे, अशी अपेक्षा ठेवणे न्यायाचे नाही. आम्ही त्या विद्यापीठाला कळवले की, त्यांनी आधी प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्यांचा अर्ज व्हायचा आहे. कुपी अजून आमच्याकडेच आहे.

दुसऱ्या बैठकीत मान्यता मिळाली. आपत्कालीन आराखड्याची एक प्रत जिल्हा समितीसाठी टपालात देऊन मी आवक क्रमांक घेतला. त्या आराखड्याच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचा, माझा आणि मामांचा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि दर महिन्याच्या एका रविवारी कोणीतरी तो लावून पाहते.

फ्रीझरची किल्ली आता कार्यालयातल्या तिजोरीत असते. कुप्यांवर थंडीत न सुटणारी छापील पट्टी असते आणि पट्टीवर क्रमांक, तारीख, मूळ ठिकाण आणि धोक्याचा गट. वहीत काढतानाची एक आणि ठेवतानाची एक अशा दोन सह्या लागतात. मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी घाईत एकच सही करून निघाली होती. मामांनी तिला जिन्यावरून परत बोलावले.